काडतूस, दूर पल्ल्याच्या लक्ष्यवेधाचे

स्पर्धात्मक नेमबाजीत साधारणतः ३०० मी. व त्याहून अधिक अंतरावरील लक्ष्यावर रायफलीने नेम साधावयाचा असतो, तेव्हा वापरावयाच्या काडतुसास दूर पल्ल्याच्या लक्ष्यवेधाचे काडतूस म्हणतात. राष्ट्रकुलातील देशांत हा पल्ला ३०० ते १,००० यार्ड (सु. २७४ ते ९१४ मी.) असतो, तर काही विशेष स्पर्धांत तो १,२०० यार्डांपर्यंत वाढविला जातो. नेमबाजाचे कौशल्य आणि रायफलीची अचूकता यांच्याइतकेच काडतुसाचे गुणही येथे निर्णायक ठरतात. असे असले, तरी स्पर्धकाने कोणते काडतूस निवडावे हा प्रश्न केवळ भौतिकीचा कधीच नव्हता. लष्कराने स्वीकारलेले आकारमान, स्पर्धेचे नियम, कारखान्यांतील उत्पादन आणि शस्त्रविषयक कायदा यांनी ही निवड वेळोवेळी घडविली. भारतात, व विशेषतः महाराष्ट्रात, या चारही घटकांचा प्रभाव स्पष्टपणे दिसून येतो.

घटक व परिभाषा : ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘कार्तुश’ या शब्दावरून आला. आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील धूमरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढल्यावर घोड्याची टाचणी टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेटते व त्याच्या ज्वाळेने दारू पेट घेते. दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. नळीच्या आतील सर्पिल खाचांमुळे तिला परिभ्रमण मिळते आणि हे परिभ्रमण तिला हवेत स्थिर ठेवते. नळीच्या तोंडाशी गोळीचा जो वेग असतो, त्यास मुखवेग म्हणतात. हवेचा विरोध सहन करून वेग टिकवून धरण्याची गोळीची क्षमता प्राक्षेपिक गुणांकाने दर्शविली जाते. लांब, निमुळती व आपल्या जाडीच्या मानाने जड अशा गोळीचा हा गुणांक मोठा असतो [⟶ प्राक्षेपिकी].

निवडीचे निकष : दूर पल्ल्यावर गोळीच्या मार्गावर प्रामुख्याने दोन गोष्टींचा परिणाम होतो : गुरुत्वाकर्षणाने होणारी घसरण व आडव्या वाऱ्याने होणारे विचलन. घसरण कितीही मोठी असली, तरी अंतर ठाऊक असल्याने माशी-दृष्टिपट्टी उंचावून ती भरून काढता येते. अडचण येते ती एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत मुखवेग बदलत राहिला तर. ७.६२ मिमी. जातीच्या काडतुसाच्या मुखवेगात केवळ एक टक्क्याचा, म्हणजे सेकंदास सु. ८ मी. इतका फरक पडला, तरी १,००० यार्डांवर गोळी सु. २० सेंमी. वर किंवा खाली लागते. ब्रिटिश पद्धतीच्या स्पर्धांत या अंतरावरील पाच गुणांच्या मध्यवर्तुळाचा व्यास २४ इंच (सु. ६१ सेंमी.) असतो. एवढ्या वर्तुळातील २० सेंमी. काडतुसाच्याच दोषापायी खर्ची पडले, तर नेमबाजाच्या वाट्यास फारच थोडी जागा उरते. म्हणून वेगाच्या प्रमाणापेक्षा वेगाचा एकसारखेपणा हा चांगल्या काडतुसाचा पहिला गुण मानला जातो.

वाऱ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण वारा डोळ्यांना दिसत नाही व तो सतत बदलत असतो. ताशी १० मैल वेगाचा आडवा वारा ७.६२ मिमी. व्यासाच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीस १,००० यार्डांवर सु. अडीच मीटर बाजूस नेतो. या हिशेबाने वाऱ्याच्या अंदाजात ताशी दोन किलोमीटरांची चूक झाली, की गोळी सु. ३० सेंमी. सरकते, म्हणजे मध्यवर्तुळाच्या त्रिज्येइतकी. ६.५ मिमी. व्यासाची लांब व निमुळती गोळी वापरल्यास तेच विचलन सु. दोन मीटरांपर्यंत उतरते. गेल्या काही दशकांत लहान व्यासाच्या, परंतु लांब गोळ्यांकडे स्पर्धकांचा कल वळला, त्याचे कारण हेच होय.

तिसरा निकष ध्वनिवेगाशी निगडित आहे. गोळीचा वेग ध्वनिवेगाच्या वर असताना घटत घटत त्याच्या खाली येऊ लागला, की हवेच्या दाबाचे वितरण बदलते व काही गोळ्या डगमगू लागतात. १९५९ मध्ये अमेरिकेत ३०० मी. स्पर्धेसाठी तयार झालेली १६८ ग्रेनची गोळी त्या अंतरावर अत्यंत अचूक ठरली. परंतु १,००० यार्डांवर तिचा हाच दोष उघड झाला. म्हणून त्या अंतरासाठी वेगवान अशी १५५ ग्रेनची किंवा निराळ्या बुडाची १७५ ग्रेनची गोळी वापरात आली. एका पल्ल्याचे उत्तम काडतूस दुसऱ्या पल्ल्यासही उत्तम असते असे नाही, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. धुळे–सुरत मार्गावरील साक्रीसारख्या पश्चिम खानदेशातील ठिकाणी हिवाळ्यातील पहाटेचे तापमान १०° से.च्या आसपास असते व मे महिन्याच्या दुपारी ते ४०° से.च्या वर जाते. १०° से.ला ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३३७ मी., तर ४२° से.ला तो सु. ३५६ मी. असतो. दाब तोच राहिल्यास ४२° से.ला हवेची घनता १५° से.च्या मानाने सु. नऊ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे गोळीस होणारा विरोधही तितकाच घटतो. शिवाय उष्णतेने दारू अधिक वेगाने जळून मुखवेग वाढतो. परिणामतः थंडीत दृष्टिपट्टीची जी खूण बरोबर ठरते, तिच्यावरच उन्हाळ्यात विसंबल्यास गोळी लक्ष्याच्या वर जाते. काडतुसांचा डबा उन्हात न ठेवण्याची चांदमारीवरील जुनी शिस्त याच कारणाने पडली आहे.

यांखेरीज धक्का व नळीचे आयुष्य हे दोन व्यावहारिक निकष आहेत. फार शक्तिमान काडतूस वाऱ्यास चांगले तोंड देते. परंतु दिवसभरात पन्नास-साठ फैरी झाडाव्या लागल्यास त्याचा धक्का नेमबाजास थकवतो. पुंगळीतील दारूच्या मानाने नळीचे छिद्र अरुंद असले, तर नळी लवकर झिजते. ७.६२ मिमी.ची चांगली नळी काही हजार फैरी टिकते, तर ६.५ मिमी.च्या काही प्रखर काडतुसांची नळी हजार-पंधराशे फैरींतच अचूकता गमावते.

इतिहास : तोड्याच्या बंदुकीत आणि ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी निरनिराळी भरीत. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून एकत्र बांधण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा काडतूस जन्मास आले. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीने हे चित्र पालटले. तिची नळी .५७७ इंचाची असून तिच्या कागदी काडतुसाचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. त्या कागदास लावलेल्या चरबीबद्दल हिंदी शिपायांत जो संशय निर्माण झाला, तो १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण ठरला. एखाद्या काडतुसाच्या निवडीने राज्यकर्त्यांचे आसन डळमळावे, असे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

उठावाच्या त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सर जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांच्या रायफलीची एन्फील्डशी तुलना करण्यात आली. व्हिटवर्थ यांनी .४५१ इंचाची षट्कोनी नळी, लांब गोळी आणि २० इंचांत एक वेढा घेणारे सर्पिल यांचा मेळ घातला होता. एन्फील्डचे सर्पिल ७८ इंचांत एक वेढा घेई. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे ०.३७ फूट भरले. लहान व्यास, लांब गोळी व जलद परिभ्रमण हे दूर पल्ल्याच्या काडतुसाचे सूत्र येथेच सिद्ध झाले आणि पुढील दीडशे वर्षांची प्रगती बहुतांशी त्याच सूत्राचा विस्तार होय. तथापि व्हिटवर्थची रायफल महाग व लवकर मळणारी असल्याने लष्कराने ती सर्वत्र स्वीकारली नाही.

ब्रिटनमधील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८५९ मध्ये स्थापन झाली. विंबल्डन येथील तिच्या पहिल्या मेळाव्यात २ जुलै १८६० रोजी राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून व्हिटवर्थ रायफलीनेच पहिली फैर झाडली. राणीच्या नावाचे पारितोषिक तेव्हापासून सुरू झाले. १८९० मध्ये हा मेळावा बिझ्ली येथे हलविण्यात आला. अमेरिकेत २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० व १,००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघाकडे तोंडातून ठासावयाच्या रिग्बी रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे धातूच्या काडतुसांच्या, मागून भरावयाच्या रेमिंग्टन व शार्प्स रायफली. अमेरिकेने हा सामना ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. तीन गुणांचा हा फरक तसा किरकोळ होता. परंतु धातूचे काडतूस अचूकतेतही ठासणीच्या बंदुकीला मागे सारू शकते, हे त्याने सर्वांच्या नजरेस आणले. १८७६ मध्ये पाल्मा चषकाचा आंतरराष्ट्रीय सामना सुरू झाला. तो आजही दूर पल्ल्याच्या नेमबाजीतील प्रमुख सामना समजला जातो.

ब्रिटिश लष्करात स्नायडर (१८६६) व मार्टिनी-हेन्री (१८७१) या रायफलींबरोबर पितळी काडतूस स्थिरावले. १८८४ मध्ये पॉल व्येई या फ्रेंच रसायनज्ञाने धूमरहित दारू शोधून काढली व १८८६ मध्ये फ्रान्सने ८ मिमी.ची लेबेल रायफल स्वीकारली. धूमरहित दारूमुळे लहान व्यासाच्या गोळीस मोठा वेग देणे शक्य झाले आणि शिशाच्या गोळीवर कठीण धातूचे आवरण आवश्यक ठरले. ब्रिटनने १८८८ मध्ये .३०३ इंचाचे काडतूस स्वीकारले. आरंभी त्यात काळी दारू असे व काही वर्षांतच तिची जागा कॉर्डाइटने घेतली. १९१० मध्ये आलेल्या त्याच्या सातव्या नमुन्यात १७४ ग्रेनची टोकदार गोळी असून तिचा मुखवेग सेकंदास २,४४० फूट (सु. ७४४ मी.) होता. १,००० यार्डांवर पोहोचेपर्यंत या गोळीचा वेग ध्वनिवेगाच्या जवळपास येत असे. तरीही ली-एन्फील्ड रायफलीचा एक विशेष नेमबाजांना अनुभवाने कळला होता. तिच्या नळीच्या कंपनामुळे मंद गोळी किंचित वरच्या दिशेने व वेगवान गोळी किंचित खालच्या दिशेने सुटे. त्यामुळे काडतुसांच्या वेगातील फरक ९०० ते १,००० यार्डांवर बहुतांशी आपोआप भरून निघे. जवळच्या पल्ल्यावर मॉसर जातीच्या रायफली सरस ठरत. पण दूरच्या पल्ल्यावर सरकारी काडतूस वापरावयाचे असल्यास अनेक जण ली-एन्फील्डच पसंत करीत. काडतुसाचा विचार रायफलीपासून वेगळा काढून करता येत नाही, तो यासाठी.

अमेरिकेने १९०६ मध्ये .३०-०६ हे काडतूस स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर हे नागरी काडतूस आणि १९५४ मध्ये जवळजवळ त्याच मापाचे ७.६२ × ५१ मिमी. हे उत्तर अटलांटिक करार संघटनेचे काडतूस प्रमाणित झाले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश स्पर्धांतही .३०३ ची जागा ७.६२ मिमी.ने घेतली. पुढे ६ मिमी. व ६.५ मिमी. व्यासाची, खास लक्ष्यवेधासाठी आखलेली काडतुसे प्रचारात आली. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ६.५ मिमी.च्या अशाच एका काडतुसास क्रीडमूर हे नाव देण्यात आले.

दोन परंपरा : या इतिहासात दोन भिन्न विचारधारा आढळतात. पहिलीनुसार सर्व स्पर्धकांनी एकाच जातीचे, शक्य तर आयोजकांनी चांदमारीवरच वाटलेले काडतूस वापरावे. राणीच्या पारितोषिकाची स्पर्धा या तत्त्वावर उभी राहिली. येथे काडतूस सर्वांस सारखे असल्याने परीक्षा होते ती वारा वाचण्याच्या व नेम धरण्याच्या कौशल्याची. दुसरीनुसार स्पर्धकास काडतूस निवडण्याची, ते स्वतः भरण्याची व सुधारण्याची मोकळीक असावी. १८६२ पासून चालत आलेली एल्को ढालीची स्पर्धा या दुसऱ्या परंपरेतील असून तिने नव्या गोळ्या व दृष्टिसाधने यांच्या प्रयोगांस वाव दिला. पहिल्या परंपरेने समानता जपली, तर दुसरीने सुधारणेस चालना दिली. टेकू व दुर्बीण वापरण्याची मुभा असलेल्या, कॅनडात उदयास आलेल्या एफ वर्गाच्या स्पर्धांत या दोहोंची सांगड घातली आहे. त्यातील एका गटात केवळ .२२३ व .३०८ ही दोनच काडतुसे चालतात, तर दुसऱ्या गटात निवड बरीच खुली असते.

ऑलिंपिकमध्ये ३०० मी. रायफलीची स्पर्धा १९७२ च्या म्यूनिक येथील सामन्यांनंतर बंद झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धांत ती चालू राहिली असून तीत ८ मिमी.पर्यंतचे कोणतेही आकारमान चालते. राष्ट्रकुल क्रीडासामन्यांत मोठ्या बोअरच्या रायफलीची स्पर्धा १९६६ मध्ये समाविष्ट झाली आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट येथील सामन्यांपर्यंत, १९७० चा अपवाद वगळता, ती होत राहिली.

भारतातील स्थिती : दूर पल्ल्याच्या नेमबाजीचा उगम ब्रिटनमध्ये स्वयंसेवक सैनिकांच्या चळवळीतून झाला. भारतातही रेल्वे व बंदरांच्या शहरांतून अशी स्वयंसेवक दले उभी राहिली. परंतु ती मुख्यतः यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांपुरती मर्यादित होती. १८५७ नंतर राज्यकर्त्यांनी हिंदी सैनिकांच्या हाती मुद्दाम कमी प्रतीचे शस्त्र दिले. १८५८ च्या नमुन्याची त्यांची बंदूक बाहेरून एन्फील्डसारखी दिसे. मात्र तिची नळी आतून गुळगुळीत व.६५६ इंच रुंद होती. त्यामुळे दूरचा नेम साधण्याची शक्यताच मावळली. पुढेही गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री असताना हिंदी पलटणींकडे स्नायडर, असा एका पिढीचा फरक दीर्घकाळ राखला गेला. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने सामान्य नागरिकास परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य केले. राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या काळातच, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, या अधिनियमाविरुद्ध ठराव झाला.

याच धोरणातून भारताचे एक वैशिष्ट्यपूर्ण नागरी काडतूस रूढ झाले. .३०३ हे लष्करी आकारमान नागरिकांस निषिद्ध असल्याने ली-एन्फील्डच्या रचनेत बसेल असे दुसरे काडतूस हवे होते. मूळच्या ऑस्ट्रियन ८ मिमी. मानलिखर काडतुसाने ही गरज भागविली व ते भारतात .३१५ या नावाने प्रसिद्ध झाले. ईशापूर येथील रायफल कारखान्यात त्याच्या रायफली व पुण्याजवळील खडकी येथे त्याची काडतुसे तयार होऊ लागली. त्याची २४४ ग्रेनची गोळी जड व मंद असून शिकारीस व पीकरक्षणास ती उपयुक्त ठरली. दूर पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी मात्र तिची रचना कधीच नव्हती. अशा रीतीने नागरिकाच्या वाट्यास आलेले काडतूस प्राक्षेपिकीच्या निकषांवर निवडले गेले नव्हते. लष्करी काडतूस त्याच्या हाती पडू नये, या हेतूने ते ठरले होते.

खानदेशाशी या इतिहासाचा संबंध दुहेरी आहे. सर जेम्स औट्रम (१८०३–६३) याने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. धनुष्यबाणावर ज्यांचा हात बसलेला होता, अशा भिल्लांना बंदुकीची कवाईत शिकविण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता. दुसरीकडे साक्री–पिंपळनेरपासून सातपुड्यापर्यंतच्या डोंगरपट्ट्यातील भिल्लांकडे शिकारीचे व संरक्षणाचे साधन म्हणून धनुष्यबाणच दीर्घकाळ राहिला. सातपुड्यातील अंबापाणी येथे ११ एप्रिल १८५८ रोजी भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. धनुष्यबाण व तोड्याची बंदूक एका बाजूस, तर काडतुसाची बंदूक दुसऱ्या बाजूस, असा तो विषम सामना होता. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर याच प्रदेशात आधुनिक काडतुसांचा कारखाना उभा राहिला. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर देशाची शस्त्रसज्जता वाढविताना जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात वरणगाव येथे १९६४ मध्ये आयुध निर्माणी स्थापन झाली. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याबरोबर लहान शस्त्रांची काडतुसे पुरविण्यात तिचा वाटा मोठा आहे. सैन्याने .३०३ सोडून ७.६२ मिमी. व नंतर ५.५६ मिमी. हे आकारमान स्वीकारले, तेव्हा त्या काडतुसांचे उत्पादन वरणगाव येथे होऊ लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर (१८८८–१९५६) हे तिचे संस्थापक-अध्यक्ष होत. नागरिकास शस्त्र हाताळण्याचे शिस्तबद्ध शिक्षण मिळावे, ही या संस्थेमागील भूमिका होती. मावळंकरांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून ओळखली जाते. १८७८ च्या अधिनियमाची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. नेमबाजांना मात्र स्वतंत्र सवलती ठेवण्यात आल्या. लष्करी आकारमाने नागरिकांना निषिद्ध असण्याचे तत्त्व स्वातंत्र्यानंतरही कायम राहिले. परिणामी वरणगाव येथे तयार होणारे ७.६२ मिमी.चे काडतूस वरणगावच्याच रहिवाशास स्पर्धेसाठी विकत घेता येत नाही. .३०-०६ सारखी निषिद्ध नसलेली मोठी आकारमाने परवान्यावर मिळू शकतात. तथापि स्पर्धायोग्य प्रतीची काडतुसे बहुधा आयात करावी लागतात. परदेशांत दूर पल्ल्याचा नेमबाज आपल्या रायफलीस अनुरूप अशी काडतुसे स्वतः भरतो. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा अपराध असल्याने हा मार्ग सामान्य नेमबाजास बंद आहे.

दुसरी अडचण जागेची आहे. १,००० यार्डांच्या चांदमारीस लक्ष्यामागे उंच बांध व त्यापलीकडे विस्तृत निर्मनुष्य क्षेत्र लागते. अशा चांदमाऱ्या प्रायः सैन्याच्या व सशस्त्र पोलीस दलांच्या ताब्यात आहेत. २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल सामन्यांत मोठ्या बोअरची स्पर्धा गुडगावजवळील कादरपूर येथे, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या चांदमारीवर घ्यावी लागली, ती याच कारणाने. मध्य प्रदेशातील महू येथील सैन्याच्या नेमबाजी पथकानेही देशास अनेक आंतरराष्ट्रीय नेमबाज दिले आहेत. भारतात मोठ्या बोअरची नेमबाजी मुख्यतः गणवेशधारी दलांपुरती राहिली, तिचे कारण कौशल्याच्या अभावात नसून काडतूस व चांदमारी या दोन साधनांच्या उपलब्धतेत आहे.

महाराष्ट्रातील नागरी नेमबाजांचे यश त्यामुळे लहान बोअरच्या रायफलीत एकवटलेले दिसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफलीच्या तीन अवस्थांच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. या प्रकारात .२२ लाँग रायफल हे एकच काडतूस चालते. त्याची ४० ग्रेनची शिशाची गोळी हेतुतः ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाने सोडली जाते, म्हणजे ध्वनिवेग ओलांडताना होणारी डगमग मुळातच टळते. येथे आकारमानाची निवड उरत नाही. पण उत्पादनाच्या निरनिराळ्या तुकड्यांतून आपल्या नळीस मानवणारी तुकडी शोधण्याची निवड उरतेच. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन तुकड्या एकाच नळीतून झाडल्या असता त्यांचे गट लहान-मोठे पडतात. १०.४ मिमी. व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ साधावयाचे असल्याने हा फरक पदकाचा ठरू शकतो. म्हणून उच्च दर्जाचे नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून तुकड्यांची चाचणी घेतात व पसंत पडलेल्या तुकडीचा साठा करून ठेवतात.

समालोचन : नव्याने दूर पल्ल्याकडे वळणाऱ्या नेमबाजास या इतिहासातून निवडीचा क्रम सांगता येतो. प्रथम स्पर्धेचा नियम कोणते आकारमान मान्य करतो हे पाहावे. नंतर कायद्याने व बाजारात कोणते काडतूस पुरेशा संख्येने व सातत्याने मिळेल याचा विचार करावा, कारण सरावास न पुरणारे उत्तम काडतूस सरावास पुरणाऱ्या मध्यम काडतुसापुढे निरुपयोगी ठरते. त्यानंतरच पल्ला, वारा, ध्वनिवेग, धक्का व नळीचे आयुष्य यांचा हिशेब मांडावा. ३०० मी. पल्ल्यास सौम्य धक्क्याचे ६ मिमी.चे काडतूस उत्तम ठरते. नियमाने बांधलेल्या १,००० यार्डांच्या स्पर्धेस ७.६२ मिमी.मधील १५५ ग्रेनची गोळी रूढ आहे. निवड खुली असल्यास ६.५ ते ७ मिमी. व्यासाची लांब गोळी वाऱ्यात अधिक टिकते.

काडतुसातील सुधारणेने वाऱ्याचा प्रभाव कमी झाला. नाहीसा मात्र झाला नाही. १८६० च्या व्हिटवर्थपासून आजच्या ६.५ मिमी.पर्यंत प्रत्येक पिढीच्या काडतुसाने नेमबाजाच्या चुकीस थोडी अधिक सवड दिली. परंतु ती चूक ओळखण्याचे काम नेमबाजाकडेच ठेवले. भारतात ही सवड मिळविण्याची संधी दीर्घकाळ राज्यकर्त्यांच्या संशयाने व पुढे सुरक्षिततेच्या रास्त चिंतेने मर्यादित ठेवली. दूर पल्ल्याची नेमबाजी खानदेशासारख्या प्रदेशातील तरुणाच्या आवाक्यात यावयाची, तर कायद्याची शिस्त न मोडता नियंत्रित चांदमाऱ्यांवर वाटावयाचे, सर्वांस सारखे असे काडतूस हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. विंबल्डनच्या पहिल्या परंपरेचे मर्मही हेच होते. असे काडतूस तयार करण्याची क्षमता खडकी व वरणगाव येथे पूर्वीपासूनच आहे.